बेचाळीस फोटो आणि स्टोअरचे चाचा

मला वाचवलं ते आमच्या स्टोअरच्या चाचांनी, हे आधी सांगून टाकतो. कशातून वाचवलं ते पुढे येईलच. माझा स्वभाव असा की गोष्ट सांगता सांगता मीच घाबरतो आणि घाबरलो की आभार मानायचे राहून जातात, म्हणून ते काम पहिल्याच ओळीत उरकलेलं बरं. आता एक विधान छातीठोकपणे करतो. माझ्या आयुष्यात छाती ठोकून केलेलं हे बहुधा एकमेव विधान असेल. मस्कतपासून कुवेतपर्यंत साऱ्या आखातात फोटोतल्या माणसांची एवढी काळजी वाहणारा दुसरा माणूस सापडणार नाही. जिवंत माणसांची चौकशी करणारे इथे पुष्कळ आहेत, दर शुक्रवारी भेटतात, ‘गावाकडे सगळं बरं ना’ म्हणतात आणि उत्तर ऐकायच्या आत चहा मागवतात. चाचा मात्र फोटोतला माणूस जेवलाय की नाही हे आधी बघायचे, मग त्याची फ्रेम कुठल्या रंगाची ते.

आमचं फ्रेमिंगचं वर्कशॉप दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. एका बाजूला गाड्या रंगवणारं गॅरेज, दुसऱ्या बाजूला संगमरवर कापणारा कारखाना. त्यामुळे आमच्याकडे धूळ दोन रंगांत येते. मी फ्रेमा बनवतो. मूळ सिन्नरचा. नववीत असताना शाळेने आणि मी एकमेकांना सोडलं. पुढाकार कुणी घेतला यावर अजून एकमत नाही. नाशकात एका शेठकडे देवांचे आणि देवाघरी गेलेल्यांचे फोटो फ्रेम करायला शिकलो आणि त्या जोरावर इथे आलो. इथे आल्यापासून मी घाबरतो. रेसिडेन्स कार्डाच्या झेरॉक्स तीन खिशांत ठेवतो. आपोआप उघडणाऱ्या दारांना सॉरी म्हणतो. कुणी कुणालाही ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, म्हटलं की मी उठून उभा राहतो. मॅनेजरने ‘एक मिनिट इधर आना’ म्हटलं की त्या एका मिनिटात मी मनातल्या मनात बॅग भरून, सगळ्यांचा निरोप घेऊन, विमानात खिडकीची जागा मिळवून सिन्नरच्या स्टँडवर उतरलेला असतो. मग मॅनेजर म्हणतो, ‘टेप कहाँ रखा है?’ असा मी आत्तापर्यंत साठ-सत्तर वेळा कायमचा परत गेलेलो आहे. इतका सराव झालाय की कुठला शर्ट बॅगेत तळाशी जाणार हेसुद्धा ठरलेलं आहे.

चाचा माझ्या अगदी उलट. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. दोह्यात त्यांना तीसेक वर्षं झाली होती आणि त्या तीस वर्षांत ते कुणालाही घाबरल्याची नोंद नाही. दाढी मेंदीने रंगवलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि गळ्यात बुटाच्या नाडीने बांधलेलं एक भिंग. ते भिंग काचेखाली धुळीचा कण राहिला का ते बघायला कंपनीने दिलं होतं. चाचांनी त्याचा उपयोग माणसांची सुखदुःखं तपासायला सुरू केला. स्टोअर म्हणजे जाळीचा एक मोठा पिंजरा. त्यात काच, फ्रेमच्या पट्ट्या, माउंटचे कागद, गोंदाचे डबे आणि मधोमध उंच स्टुलावर चाचा. पिंजऱ्याचं दार सताड उघडं असायचं, पण चाचांच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकायची मॅनेजरचीही हिंमत नव्हती.

त्यांची पहिली खोड वहीची. स्टोअरमध्ये जी वस्तू येईल तिची नोंद करणं हे स्टोअरकीपरचं कामच. पण चाचा त्या वस्तूवर जे जे लिहिलेलं असेल तेही सगळं उतरून घेत, आणि तेही मराठी अक्षरांत. ते जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. अक्षर असं की शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायला बोलवावं. गोंदाचा डबा आला की ‘कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन’पासून ‘इन केस ऑफ आय कॉन्टॅक्ट’पर्यंत सगळा मजकूर देवनागरीत वहीवर चढे. एकदा भारतातून पट्ट्यांचं खोकं आलं, त्यावर तिकडच्या कुण्या पॅकिंगवाल्याने पेन्सिलीने ‘आज दुपारी सुट्टी’ असं लिहून ठेवलं होतं. चाचांच्या वहीत नोंद झाली: ‘पट्टी काळी, वीस नग. आज दुपारी सुट्टी.’ मॅनेजरने विचारलं, ये सब क्यों लिखते हो? चाचा म्हणाले, “साब, माल के साथ जो लिखा आया, वो भी माल है.” मॅनेजरने नाद सोडला. मी विचारलं, चाचा, पण मराठीत का? तर म्हणाले, “इंग्रजी अक्षर माज्याकडं बघून तोंड फिरवतंय रे. मराठी अक्षर कसा, विचारला की बोलतंय.”

दुसरी खोड ही की, फ्रेमिंगला आलेल्या प्रत्येक फोटोतल्या माणसाला ते दत्तक घ्यायचे. एका मोठ्या घरून ससाण्याचा फोटो आला, सोनेरी फ्रेम हवी होती. चाचांनी भिंग लावलं आणि सकाळभर हळहळत राहिले, “उन्हात बसवलाय त्याला. डोळे बघ, ताप आलाय.” लग्नाचा फोटो आला तर नवरा-नवरीकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, “मुलीचा बाप मागं उभा हाय तो, तो बोलत नाय कुणाशी. कायतरी झालाय मांडवात.” कुठल्याशा कंपनीचा ग्रुप फोटो आला, चारशे माणसं. त्यातल्या शेवटच्या रांगेतल्या एकाचा बूट चावतोय असा चाचांचा संशय होता आणि तो फोटो घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी खरोखरच निरोप दिला, “उसको बोलो, एक नंबर बड़ा ले.” आम्ही हसायचो. मी जरा जपूनच हसायचो, कारण हसण्याबद्दल कंपनीचा नियम काय आहे ते मला माहीत नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ते बेचाळीस फोटो आले. युरोपातल्या एक वयस्क मॅडम दोह्यात राहत होत्या. त्यांच्या वडिलांनी जन्मभर वर्तमानपत्रांचे जुने फोटो जमवले होते, सगळे तिकडच्या लढाईच्या काळातले आणि लढाई संपल्यानंतरच्या चार-सहा वर्षांतले. आता शहरातल्या एका गॅलरीत त्यांचं प्रदर्शन व्हायचं होतं आणि फ्रेमांचं काम आमच्याकडे आलं होतं. फोटो तीन खेपांत आले. शेवटची खेप चौदांची. त्यातले बारा चाचांनी स्वतः उतरवून घेतले आणि दोन मागाहून दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा चाचा रक्तदाब दाखवायला दवाखान्यात गेले होते.

त्या फोटोंत मला काय दिसलं म्हणाल, तर खरं सांगतो: अकरा बाय चौदा, काळे-पांढरे, कोपरे दुमडलेले. चाचांना दिसलं ते ऐका. एका फोटोत पडक्या घरासमोर एक माणूस दाढी करतोय. भिंत अर्धीच उरलेली, तिच्या खिळ्याला आरसा टांगलाय आणि माणूस गालाला साबण लावून उभा. चाचांनी मला हाक मारली. “बघ. ह्याच्या घराला छप्पर नाय, पण दाढी हाय. आणि तू काल सगळी भिंत शाबूत असून तसाच आलास.” दुसऱ्या फोटोत पावाची रांग होती, पन्नासेक बायका. चाचांनी भिंगाने शेवटपासून पुढे मोजत जाऊन जाहीर केलं, “ही टोपीवाली हाय ना, हिच्यापर्यंत पाव पोचणार नाय. आणि तिला ठाऊक हाय ते. तरी उभी हाय.” मग दिवसभर ते तिच्यामुळे नाराज होते, दुपारच्या डब्यातली अर्धी चपाती तशीच ठेवली. एका फोटोत बायका रांगेने उभ्या राहून विटा हातोहात पुढे देत होत्या, एकात नव्या बुटांची जोडी छातीशी धरून एक मूल हसत होतं, एकात दोघं नवरा-बायको रस्त्यावरून न्हाणीचा टब वाहून नेत होते आणि टबात एक कोंबडी बसली होती. सगळ्यांची विचारपूस झाली. कोंबडीला नाव मिळालं. एका फोटोत अख्खी इमारत कोसळली होती आणि दाराची चौकट तेवढी ताठ उभी होती, ती बघून चाचा मला म्हणाले, “ह्या चौकटीचा कोपरा बघ. एवढे बाँब पडले, सांधा हलला नाय. कारागीर असावा तर असा.” आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी त्या दिवशी सगळे सांधे दोनदा तपासले.

आता माझा पराक्रम. फोटो फ्रेम करायचा तर त्याच्या पुढच्या बाजूला हात लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. आमच्या नाशकातल्या शेठची शिस्त होती ती पाठीची. ते तयार फ्रेम आधी उलटी करून बघायचे; पाठीवर डाग, जुना गोंद, कागदाचा तुकडा दिसला की फ्रेम परत अंगावर. ती शिस्त माझ्या हाडात मुरलेली. आणि ह्या फोटोंच्या पाठी म्हणजे काय सांगू! जांभळे शिक्के, पेन्सिलीच्या खुणा, आणि पिवळ्या पडलेल्या टाइप केलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या, गोंद वाळून तपकिरी झालेला. कामाच्या कार्डावर इंग्रजीत आणि खाली चाचांच्या अक्षरात मराठीतही लिहिलेलं होतं की पाठीला हात लावू नये. पण मी कार्डावरचे फक्त आकडे बघतो. अक्षरं बघितली की कुणीतरी मला पुढचं वाक्य विचारेल अशी मला शाळेपासून धास्ती आहे. तर मी वरच्या, म्हणजे शेवटच्या खेपेतल्या चौदा फोटोंच्या पाठी घेतल्या. ओल्या कापसाने चिठ्ठ्या भिजवल्या, ब्लेडने अलगद सोडवल्या, पेन्सिल रबराने खोडली, शिक्के जमेल तितके पुसले. सकाळभर जीव ओतून केलं. इतक्या गोऱ्यापान पाठी शेठनी बघितल्या असत्या तर मला मिठी मारली असती.

चौदा फोटो घेऊन मी चाचांकडे गेलो. शाबासकी मागायला गेलो होतो, हे कबूल करतो. चाचांनी वरचा फोटो उलटा केला. मग दुसरा. मग सगळे. भिंग गळ्यातच राहिलं.

“पाठीवरचं कुठाय?”

“साफ केलं, चाचा.”

“चिठ्ठ्या?”

“डब्यात टाकल्या.”

“अरे, नावं होती ती,” चाचा म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “कोण माणूस, कुठला गाव, काय झाला, सगळा तिथंच होता. पुढचा फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर घेतलाय, पाठीचा घेतला नाय. गुरुवारी मॅडम येणार हायत ते ह्या चिठ्ठ्या वाचायलाच. भिंतीवर नावं लावायची हायत त्यांना.”

ती मंगळवारची दुपार होती. केराचा डबा जेवणाच्या सुट्टीतच बाहेरच्या मोठ्या कचरापेटीत रिकामा झाला होता आणि कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. तरी आम्ही गेलो. जुलै महिना, मी पेटीत उतरलो, चाचा काठावर उभे राहून भिंगाने दिशा दाखवत होते. इथे उन्हाळ्यात दुपारी बाहेर काम करायला बंदी असते. पलीकडच्या गॅरेजचा नेपाळी सिक्युरिटीवाला धावत आला, “चाचाजी, धूप में काम मना है!” चाचा म्हणाले, “ये काम नहीं है बेटा, ये पछतावा है.” त्याने माझ्याकडे बघितलं, त्याला पटलं, आणि पाण्याची बाटली देऊन तो गेला. पेटीत मला एकच चिठ्ठी सापडली. ती मी थोड्या वेळापूर्वी खाल्लेल्या शावरम्याची होती.

परत पिंजऱ्यात आल्यावर चाचांनी वही काढली. बारा फोटोंच्या बारा चिठ्ठ्या तिथे शब्दन् शब्द होत्या, शिक्क्यांसकट. ज्या दिवशी ते दवाखान्यात होते त्या दिवशी वही ड्रायव्हरकडे होती आणि त्याने इंग्रजीत लिहिलं होतं: ‘फोटो. टू पीस.’ एवढंच. हिशेबाला चूक नाही. पण त्या दोघांचं जगात दुसरीकडे कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

मी तेवढ्यात सिन्नर स्टँडवर उतरलो होतो. तिथून कसाबसा परत येऊन म्हणालो, “चाचा, एक करू. त्या दोनांच्या चिठ्ठ्या आधीपासूनच नव्हत्या असं सांगू. जुनं सामान, पडल्या असतील वाटेत. कुणाला कळतंय?”

चाचा रागावले नाहीत. त्यांनी त्या दोनांतला एक फोटो माझ्यापुढे ठेवला आणि गळ्यातलं भिंग काढून पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. रेल्वे स्टेशन होतं. गाडीतून लढाईत पकडलेले नि आता सुटलेले कैदी उतरत होते, दाढी वाढलेले, पायांना चिंध्या गुंडाळलेले. आणि फलाटावर बायकांची गर्दी. प्रत्येकीच्या हातात एकेक फोटो, वर धरलेला. मधोमध डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई, हात सगळ्यांत उंच.

“हिच्या हातात काय हाय?”

“फोटो.”

“कुणाचा?”

“नवऱ्याचा असेल. नाहीतर मुलाचा.”

“ती काय विचारतेय?”

“ह्याला कुठे पाहिलंत का, असंच विचारत असेल.”

“बरा. आता कुणी हिच्याबद्दल विचारला, ह्या बाईला ओळखता का, तर उत्तर तुज्या केराच्या डब्यात होता.”

 मला काय आठवलं सांगू? व्हिसाच्या वेळचे माझे आठ पासपोर्ट साइज फोटो. एजंटने दरडावलं होतं, पाठीवर नाव लिही, नाहीतर तुझ्या जागी दुसराच जाईल. आठही पाठींवर मी जीभ दाताखाली धरून नाव लिहिलं होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसलो होतो. तोच मी.

“गुरुवारी तू सांगायचंस,” चाचा म्हणाले. “तुज्या तोंडानं. मी बाजूला उभा राहीन.”

त्यांनी मला एका कार्डावर मराठी अक्षरांत इंग्रजी वाक्य लिहून दिलं: ‘मॅडम, आय हॅव मेड अ बिग मिस्टेक, प्लीज लिसन.’ बुधवारी जाता-येता आणि गुरुवारी जाताना कंपनीच्या बसमध्ये मी ते घोकत होतो. गुरुवारी पहिला राउंडअबाउट येईपर्यंत अख्ख्या बसला ते पाठ झालं. मागच्या सीटवरचा एक केरळी वेल्डर म्हणाला, ‘प्लीज’ पहिले बोलना, अच्छा लगता है. त्यावरून बसमध्ये दोन तट पडले. उतरताना सगळ्यांनी मला ऑल द बेस्ट दिलं, जणू मी परीक्षेला चाललो होतो. परीक्षांमधला माझा निकाल त्यांना माहीत नव्हता म्हणून.

मॅडम आल्या. पांढरे केस, साधा सुती झगा, बरोबर टिपणं घ्यायला एक मदतनीस मुलगी. मॅनेजर हसत पुढे झाला. मी पुढे आलो, तोंड उघडलं आणि वाक्य गायब. प्लीज आधी की नंतर एवढंच आठवत होतं. शेवटी म्हणालो, “मॅडम, आय क्लीन बॅक. ऑल नेम गॉन. माय मिस्टेक. सॉरी.” आणि फोटो उलटे करून ठेवले.

त्या पट्ट्यांच्या खोक्यावर बसल्या. एक फोटो उचलून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, हळूहळू, वरपासून खालपर्यंत. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “व्हेरी क्लीन.”

आणि मी, देव मला क्षमा करो, म्हणालो, “थँक यू, मॅडम.”

मॅनेजरचा चेहरा मी आजपर्यंत विसरलो नाही. “खलास,” तो म्हणाला. “ये आदमी कल से नहीं आएगा.” ह्या वेळी मात्र मला बॅग भरताच येईना. इतक्या वेळा मनात भरलेली, पण खरी वेळ आली तेव्हा साधा टॉवेल कुठे ठेवायचा ते सुचेना.

तेवढ्यात चाचांनी वही मॅडमच्या मांडीवर उघडून ठेवली. “मॅडम, युवर पेपर. ट्वेल्व्ह पेपर, ऑल हियर. माय लँग्वेज.” मॅडमनी ती सुबक अक्षरं बघितली, पान उलटलं, परत बघितलं. “यू कॅन रीड धिस टू मी?”

चाचांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, घडी करून खिशात ठेवला. “आय प्रॉब्लेम, मॅडम. मी राइट, ओन्ली. रीड, ही रीड.” आणि बोट माझ्याकडे.

 त्याच दिवशी सकाळी ह्या माणसाने दहा हातांवरून एका काचेवरचा केसाएवढा ओरखडा पकडला होता. मंगळवारी मला एक खोटं बोलू दिलं नाही आणि गुरुवारी स्वतः असं सफाईदार बोलले, की मॅनेजरने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आख्ख्या वर्कशॉपात मराठी वाचू शकणारी दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाची नजर नुकतीच गेली होती.

मी वाचायला लागलो. उभा राहून, वही दोन्ही हातांत धरून, शाळेत धडा वाचतात तसं. मध्ये मध्ये सूरही तसाच लागत होता. मला कळत काहीच नव्हतं. पण अक्षरं बोलत होती आणि मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. एखाद्या गावाचं नाव आलं की मान हलवायच्या, ते स्वतः एकदा उच्चारायच्या आणि मदतनीस मुलगी लिहून घ्यायची. मॅडमकडून मग कळलं, विटा देणाऱ्या बायकांतली डावीकडून तिसरी शाळामास्तरीण होती, तिचीच शाळा त्या बांधत होत्या. दाढी करणाऱ्याचं त्या दिवशी लग्न होतं! हे ऐकून चाचा माझ्या मागे ‘बघ, म्हणालो ना’ असं पुटपुटले; म्हणाले मुळीच नव्हते. एका चिठ्ठीच्या शेवटी मी वाचलं, ‘नॉट टू बी पब्लिश्ड विदाउट परमिशन’, आणि त्याच दमात पुढे, ‘उजव्या कोपऱ्यात चहाचा डाग, जुना.’ मॅडमनी विचारलं हे काय? मी खुणांनी चहा पिऊन दाखवला, मग डाग पाडून दाखवला. त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, तो डाग माझ्या वडिलांचा.

वाचन तीन दिवस चाललं, कारण चाचांच्या नजरेचा काही भरवसा नव्हता आणि प्रत्येक नोंद दोनदा ताडून बघायची होती. मॅडम मॅनेजरला म्हणाल्या, काम संपेपर्यंत हा मला लागेल; आणि काम संपेपर्यंत मॅनेजर ‘खलास’ विसरला, किंवा विसरल्यासारखं केलं. ते विचारायला मी आजपर्यंत गेलेलो नाही.

राहिले दोन. एकाची हकिगत मॅडमना वडिलांकडून ऐकलेली ठाऊक होती. स्टेशनवरच्या त्या बाईची मात्र कुणालाच नव्हती. फोटोखालच्या पाटीवर काय लिहायचं याची चर्चा झाली तेव्हा मदतनीस मुलगी म्हणाली, ‘अननोन’ लिहू. चाचा एकदम पुढे आले. इंग्रजी अपुरं पडलं तसे हिंदीत शिरले, “मॅडम, अननोन मत लिखो. मालूम थी. सत्तर-पचहत्तर साल मालूम थी. हमारे यहाँ से गई.”

मॅडमनी खूप वेळ विचार केला आणि पाटी लिहिली: हिचं नाव ह्या छायाचित्राच्या पाठीवर होतं, दोह्यात फ्रेम करताना ते पुसलं गेलं. प्रदर्शनाला कंपनीची बस आम्हाला घेऊन गेली होती. लोक त्या पाटीपाशी थांबायचे, वाचायचे, मान हलवायचे. उभ्या आयुष्यात माझं एकच काम भिंतीवर लागलं, ते हे. मी शेजारीच उभा होतो. कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही. चाचा मात्र त्या बाईपुढे बराच वेळ उभे राहिले, हात मागे बांधून, भिंगाशिवाय.

गेल्या हिवाळ्यात चाचा कायमचे गावी गेले. विमानतळावर मी बोलायचं खूप ठरवलं होतं, आणि त्यांच्या बॅगेचं वजन जास्त तर होणार नाही ना, ह्याच काळजीत वेळ गेला. आता दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांचा फोन येतो. माझी तब्येत, कामाचं, घरचं, सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, “काय रे, बाई गावली?” नाही, चाचा. मॅडमनी मला चार-पाच पत्ते दिले आहेत, जुन्या फोटोंची दफ्तरं सांभाळणाऱ्या तिकडच्या लोकांचे. पहिली दोन पत्रं त्यांच्या मदतनीस मुलीने लिहून दिली. तिसरं मी स्वतः लिहिलं, इंग्रजीत, आठ दिवस लागले. त्यात चुका इतक्या होत्या की उत्तर देणाऱ्याने बहुधा दया येऊनच दोन पानी उत्तर दिलं. नाव त्यांच्याकडेही नाही. पण त्यांनी आणखी एक पत्ता कळवलाय.

तर चाचा, हे तुमच्यासाठी इथे लिहून ठेवतो, म्हणजे मला घाबरून मागे फिरता येणार नाही. ज्या दिवशी त्या बाईचं नाव मिळेल, त्या दिवशी मी तुम्हाला फोन करणार नाही. रजा मागेन, स्वतः तोंड उघडून मागेन. मग तुमच्या गावी येईन, खाडीवरून तुमच्या दारापर्यंत चालत येईन, अंगणात उभा राहीन आणि तिचं नाव तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवीन. वडिलांच्या नावासकट.